ओके म्हणणारा माणूस

भांडणाचं मला वावडं नाही. माझा धंदा मांडव आणि स्पीकरचा, रंकाळ्याच्या अलीकडं शुक्रवार पेठेत दुकान, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी नवरीच्या मामाला मारलेली हाक गल्लीच्या टोकापर्यंत पोचते. त्यामुळं हायवेकडच्या त्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये मी त्या दिवशी गेलो तो तयारीनंच गेलो होतो. माझी गाडी नवी, आणि चालवताना पुढून कुठून तरी खुळखुळ आवाज येत होता. पहिल्यांदा नेली तेव्हा म्हणाले, नवीन गाडी आहे, सेट होईल. पुढच्या खेपेला विचारलं, गाडी पडली होती का; मी छातीठोक म्हटलं, एकदाही नाही; तर म्हणाले, रस्ते खराब आहेत साहेब. आता मी विचारणार होतो की आधी रस्ता दुरुस्त करून आणू, की तुम्ही गाडी घेताय आत.

गाडी विकताना ही माणसं तुमच्याशी सोयरीक जुळल्यासारखी वागतात. दर्शनी भागात एक कोपरा आहे, तिथं लाल गालिचा, गाडीला हार, पूजेचं ताट, पेढे, आणि हातात द्यायला पुठ्ठ्याची एक भलीमोठी किल्ली. ती किल्ली धरून सगळ्या घरादाराचा फोटो काढतात. तीच गाडी दुरुस्तीला नेली की मात्र मागच्या दारानं या. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोर टीव्ही. टीव्हीवर तीच गाडी बर्फाच्या डोंगरावर चढत असते. तुमची गाडी कावळा नाक्याचा चढ चढताना दम टाकते, ते तुमचं नशीब.

आणि तिथला कारभार असा, की अॅडव्हायझर म्हणतो मॅनेजर बघतील, मॅनेजर म्हणतो कंपनीला मेल टाकलाय, आणि कंपनीला फोन लावला तर एक मुलगी गोड आवाजात सांगते, कृपया जवळच्या शोरूमशी संपर्क साधा. तुम्ही त्या शोरूममध्येच उभं राहून फोन लावलेला असतो.

तर मी आवाज चढवायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारच्या खुर्च्यांवर एक बाई आणि तिची मुलगी येऊन बसल्या. बाई पन्नाशीच्या पुढच्या, अंगात खादीचा झंपर, डोक्यावरून पदर. मुलीच्या हातात हेल्मेट आणि कोपराला पट्टी. आमच्याकडं शेजारी बसलेल्या माणसाला गाव विचारलं नाही तर अपमान समजतात, म्हणून मी विचारलं. बिद्रीजवळचं गाव निघालं. बाईंचं नाव चिमणाबाई, मुलगी अनुजा.

मग हळूहळू सगळं कळलं. अनुजा कागलच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. पहाटे दुधाच्या किटल्या गाडीला अडकवून डेअरीला घालायच्या आणि तशीच पुढं ड्युटीवर जायचं. त्या वेळेला एसटी नाही. शेतातला रस्ता आणि किटल्यांचं ओझं म्हणून तिनं स्कूटर न घेता मोटारसायकल घेतली, स्वतःच्या पगारावर. गावानं नावं ठेवून घेतली आणि मग गप्प बसलं. पण गाडीला एक खोड निघाली. चालता चालता बंद पडायची. धाप नाही, खोकणं नाही, इंजिन आणि लाईट एका दमात गप्प. आधी गावातच बंद पडली तेव्हा सगळे हसले. मग एकदा पहाटेच्या अंधारात हायवेवर बंद पडली. मागून उसाची भरलेली ट्रॉली येत होती. ट्रॅक्टरवाल्यानं ऐन वेळी चाकं रस्त्याखाली घातली, ट्रॉली कलंडली, ऊस सगळा रस्त्यावर पसरला, आणि पोरीचं कोपरावर निभावलं.

त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर, जितक्या वेळा गाडी इथं आणली तितक्या वेळा ती धुऊन पुसून परत मिळाली होती. आम्हाला काही प्रॉब्लेम दिसला नाही, गाडी ओके आहे. आजही सकाळी तसाच फोन आला होता. गाडी ओके आहे, घेऊन जावा.

हे ऐकून माझी खुळखुळ मी विसरलो. माझं डोकं असं तापलं की मी उठूनच उभा राहिलो. चिमणाबाईंना म्हटलं, आक्का, तुम्ही गप बसा, मी बोलतो, ह्यांना आवाजाचीच भाषा कळते. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“नगो पावणं,” त्या म्हणाल्या. “मी भांडाय आलो न्हाय. मला निस्तं इचारायचं हाय.”

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो-गेलो असंच म्हणतात. बाहेरगावचे लोक त्यावरून हसतात. त्या दिवशी हसावं असं कुणालाच वाटलं नसतं.

काउंटरवर अभिराम नावाचा अॅडव्हायझर होता. चांगल्या घरातला, शिकलेला, गळ्यात टाय, बोलणं मऊ. त्यानं कागद पुढं सरकवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. चिमणाबाईंनी सही केली नाही. गाडी बरी झाली का, असं विचारलं. तो म्हणाला, ओके आहे मावशी. त्या म्हणाल्या, कुणी बघितली. तो म्हणाला, आमच्या टीमनं. त्या म्हणाल्या, टीममधलं कोण. अभिरामनं एकदा स्क्रीनकडं बघितलं.

“सिस्टीमला ओके दाखवतंय, मावशी.”

“शिस्टीम ऱ्हाऊ दे बाळा. मानूस कोण हाय?”

मी मध्ये तोंड घातलंच. म्हटलं, माणूस असला तर सांगंल ना. चिमणाबाईंनी मागं न बघता नुसता हात वर केला, आणि मी गप्प झालो. इतक्या सहज मला कुणी गप्प केलेलं नाही, बायकोनंही नाही.

अभिराम परत सगळं पहिल्यापासून सांगायला लागला. त्या ऐकून घेत होत्या. त्याचं सांगून झाल्यावर म्हणाल्या, एक ताट मिळंल का. त्याला वाटलं, बाईंना गाडीची पूजा करायची आहे. पोरगा सुटल्यासारखा पळत गेला आणि दर्शनी कोपऱ्यातलं पूजेचं ताट घेऊन आला. चिमणाबाईंनी त्यातली सुकलेली फुलं आणि पेढ्याचा कागद बाजूला काढला, पदरानं ताट पुसलं, आणि कमरेची गाठ सोडली. आतून बेलाची पानं काढून ताटात ठेवली. कागदाची पुडी उलगडून त्यावर भंडारा ओतला. त्या पांढऱ्याफेक काउंटरवर तो पिवळा रंग डोळ्यात भरत होता.

“गाडी ओके हाय, आसं ज्यो म्हंतोय त्यानं ह्ये उचलावं,” त्या म्हणाल्या. “मग मी सही करतो. पोरगी गाडी घिऊन जाती.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेलभंडारा उचलणं म्हणजे देव हातात घेऊन बोलणं. बांधाचा वाद असो नाहीतर चोरीचा आळ, आमच्या भागात शेवट इथं होतो. दूध संस्थेच्या निवडणुकीत मतदारांना देवळात नेऊन भंडारा उचलायला लावतात, आणि उचललेला माणूस मग दुसऱ्या पार्टीचं मटण समोर आलं तरी ताटाला हात लावत नाही. कोर्टात खोटं बोलून घरी येऊन निवांत झोपणारी माणसं मी बघितली आहेत. बेलभंडाऱ्यापुढं मात्र त्यांचीही जीभ टाळ्याला चिकटते. हे बरं की वाईट ते शिकलेल्यांनी ठरवावं. पण काचेच्या शोरूममध्ये, एसीच्या गारव्यात, त्या बर्फावरच्या मोटारसायकलसमोर हे ताट मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि माझ्या अंगावर काटा आला.

अभिरामचे हात काउंटरखाली गेले. तो म्हणाला, मावशी, मी फक्त लिहून घेतो, गाडी मी बघत नाही. चिमणाबाईंनी मान हलवली. बरं बाबा, म्हणाल्या. त्यात ना राग होता ना टोमणा. सही करणारा कोण आहे तेवढं विचारलं.

सही करणारे विजयसिंह, सर्व्हिस मॅनेजर. कुरुंदवाडकडचा धिप्पाड माणूस, मिशी अशी की गिऱ्हाईक अर्धी तक्रार तिथंच विसरतं. ते केबिनमधून तणतणतच बाहेर आले. हे शोरूम आहे, गावची चावडी नाही, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं होतं. मग त्यांचं लक्ष ताटाकडं गेलं. वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी पायांकडं बघितलं, पायात बूट होते. ते अर्धं पाऊल मागं सरले.

“त्येचं काय हाय आक्का,” ते म्हणाले, आणि आवाज एकदम गावाकडचा झाला. “मी निस्ती सही करतो. मेकॅनिक सांगतोय त्येच्यावर.”

त्यांनी काचेवर टकटक करून पिराजीला बोलावलं. वर्कशॉपमधला पिराजी दारात येऊन उभा राहिला. कोपरापर्यंत ऑइल. ताट दिसल्यावर तो उंबऱ्यावरच थांबला आणि हात घाण हायत, म्हणाला. चिमणाबाई म्हणाल्या, धुऊन ये की, मी थांबतो. नळ तिथंच होता. पिराजी काही नळाकडं गेला नाही. खाली मान घालून उभा राहिला. टीव्हीवरची जाहिरात संपून परत सुरू झाली.

“आक्का, मी गाडी चालवून बघिटलीच न्हाय,” तो शेवटी म्हणाला. “डिलिव्हऱ्या लई हुत्या. धुतली, पुसली, हुभी केली.”

विजयसिंह त्याच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या ताटासमोर ओरडायचं कसं, हे त्यांना कळेना. मग तो सगळा राग माझ्यावर निघाला. मला म्हणाले, बाळासो, तुमची गाडी एकदाबी पडलेली न्हाय म्हंता न्हवं, मग तुमीबी उचला की. आता खरं सांगायचं तर माझी गाडी रंकाळ्यावर भेळ खाताना स्टँडवरून कलंडली होती, पुढच्याच बाजूवर. मी पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभा राहिलो.

एव्हाना पुढच्या भागातली गिऱ्हाइकंही इकडं सरकली होती. हार घातलेल्या नव्या गाडीपाशी फोटोला उभं राहिलेलं एक कुटुंब पुठ्ठ्याच्या किल्लीसकट येऊन बघत होतं. माझ्या मनात आलं, संपलं, बाईंनी कुस्ती मारली. मी असतो तर तिथं हलगी वाजवली असती. पण चिमणाबाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. त्या ताटापाशी उभ्या होत्या आणि एकेकाकडं बघत होत्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालंच नव्हतं.

“मग ओके म्हंतंय कोण?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पृथ्वीराज जिना उतरून खाली आला. मालकांचा मुलगा. वडील थकल्यापासून सगळं तोच बघतो. पुण्यात शिकलेला, तिशीच्या आतबाहेरचा, वागायला नम्र. त्यानं अभिरामकडून सगळं ऐकून घेतलं, विजयसिंहांकडं नाराजीनं बघितलं आणि पिराजीला आत जायला सांगितलं. मग चिमणाबाईंसाठी खुर्ची मागवली. त्या बसल्या नाहीत.

“काकू, माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही,” तो म्हणाला. “पण तुमचं समाधान होणार असेल तर मी उचलतो. गाडी चांगलीच आहे. काही नाही होत.”

आणि त्यानं शर्टाची बाही वर केली.

त्या ताटात जो काही जोर होता तो आमच्या भीतीचा होता. ह्या पोराला भीतीच नव्हती. त्याच्या दृष्टीनं तो झाडपाला आणि हळद. तो उचलणार, बाई सही करणार, आणि गाडी पुन्हा धुऊन पुसून त्याच रस्त्याला लागणार. पिराजीनं एवढं जिवावर उदार होऊन सांगितलेलं खरं वाया जाणार. मी कूलरपाशी नुसता तळमळत होतो.

चिमणाबाईंनी त्याला थांबवलं नाही. विश्वास नाही तर हात लावू नका, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि मुलीकडं वळल्या.

“अनुजा, हेल्मेट घाल. मालक उचलाय लागल्यात.”

अनुजानं हेल्मेट डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला, काउंटरवरची किल्ली घेतली आणि काचेचं दार ढकलून बाहेर गेली. गाडी दारातच लावलेली होती. ती गाडीवर बसली, किल्ली फिरवली आणि आत आईकडं बघत थांबली. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. ती, तिच्या कोपराची पांढरी पट्टी, आणि तिच्या मागं हायवे. हायवेवरून कंटेनर चालले होते, बसगाड्या चालल्या होत्या, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं निघाल्या होत्या.

पृथ्वीराजचा हात ताटावर होता. अगदी वर, पानांना बोट लागेल इतका. त्याची नजर काचेबाहेर गेली आणि तिथंच राहिली.

“आत्ताच जाणार ती?” त्यानं विचारलं.

“व्हय. तुमी उचललं की.”

“पण काकू, पिराजी म्हणाला ना, त्यानं चालवून बघितलेली नाही.”

“पिराजी न्हाय म्हंतोय,” चिमणाबाई म्हणाल्या. “तुमी व्हय म्हंतायसा. मालक तुमी हायसा.”

त्यांच्या बोलण्यात धार नव्हती. त्या खरंच त्याला समजावून सांगत होत्या, की बाबा, सगळ्यांनी हात काढून घेतले, आता तुझ्या एकट्याच्या शब्दावर ही पोरगी रस्त्याला लागणार आहे. मी पृथ्वीराजकडं बघत होतो. त्याच्या कपाळावर घाम आला होता, एसी सुरू असताना. देवाची भीती त्याला नव्हती, ती तेव्हाही वाटली नसावी. पण त्यानं एकदा मुलीकडं बघितलं, एकदा आपल्या हाताकडं बघितलं. तो हात आता कुणा मॅनेजरचा नव्हता, कंपनीचा नव्हता, कुठल्या सिस्टीमचाही नव्हता. त्याचा स्वतःचा होता.

त्यानं हात मागं घेतला.

“नाही,” तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात की आम्हाला जेमतेम ऐकू आलं. मग मान वर करून, सगळ्यांसमोर, नीट म्हणाला, “काकू, गाडी बरी आहे का नाही, मला माहीत नाही.”

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. माझ्याच स्पीकरवरून झालेली. मोठमोठ्यांची. पण त्या आठ-नऊ शब्दांनी माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. त्या इमारतीत असं कुणी पहिल्यांदाच बोललं असेल. विजयसिंह तर भिंतीला टेकून उभे होते. किल्ली धरलेल्या कुटुंबातल्या बाईनं हात जोडले होते. कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पृथ्वीराज स्वतः बाहेर गेला, अनुजाच्या हातून किल्ली मागून घेतली आणि गाडी ढकलत वर्कशॉपमध्ये नेली. परत आल्यावर त्यानं विजयसिंहांना एकच गोष्ट विचारली, अशी तक्रार आणखी कुणाची आहे का. विजयसिंह थोडे चाचरले, ताट अजून तिथंच होतं. मग म्हणाले, हाय. एक हातकणंगल्याच्या मास्तरांची, एक माझ्याच गावाकडची. दोन्हीही गाड्या ओके म्हणून दिलेल्या होत्या.

पृथ्वीराजनं तिथंच काउंटरवर उभं राहून फोन लावले. मास्तर वर्गात होते, त्यांच्या बायकोनं उचलला. आमच्या शोरूमतर्फे वगैरे काही नाही. ताई, गाडी चालवू देऊ नका, उभी करून ठेवा, चूक आमची आहे, मी स्वतः येतो, एवढंच. दुसरा फोन लागेना, तर लागेपर्यंत लावत राहिला. अभिरामनं मध्ये मी लावतो सर म्हटलं, तर त्याला नको म्हणाला. माझ्या इतक्या वर्षांच्या भांडणांत मी कुणाकडूनही एवढं काढू शकलो नव्हतो, आणि ह्या बाईंनी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

चिमणाबाईंना तो म्हणाला, दोष सापडेपर्यंत ही गाडी इथून हलणार नाही. पहाटेच्या ड्युटीसाठी दुसरी गाडी देतो, आज संध्याकाळी मी स्वतः चालवत तुमच्या गावापर्यंत आणतो, म्हणजे ती कशी आहे ते मला माहीत असेल. त्या हो म्हणाल्या. आत्ताच तुम्हाला घरी सोडतो, असंही त्यानं सुचवलं होतं, पण आज येस्टीनंच जातो, म्हणाल्या. मग त्यांनी ताटातला चिमूटभर भंडारा मुलीच्या कपाळाला लावला. दारात पिराजी परत येऊन उभा राहिला होता, त्यानंही मान वाकवली. त्यालाही लावला. उरलेलं पुडीत बांधून, पानं उचलून कमरेच्या गाठीत बांधली, आणि अभिरामला ताट परत दिलं.

मी त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. स्टँडला जायला रिक्षा बघून देतो म्हटलं. माझी गाडी आतच होती, तिचं काय झालं हे विचारायचं मी विसरलो होतो. माझ्या अंगात उत्साह मावत नव्हता. आता दुकानात जाऊन कधी एकदा हे सगळ्यांना सांगतोय, असं झालं होतं. पोराला बरोबर पकडला, हेल्मेट घालायला सांगून काय जागा दाखवली, असं मी एकसारखं बोलत होतो. चिमणाबाई रस्त्याकडं बघत चालल्या होत्या.

“काय डाव टाकलासा, आक्का,” मी म्हटलं.

“कसला डाव?”

मला वाटलं, त्या मुद्दामच तसं म्हणतायत. म्हटलं, आता पुरं, माझ्यापासून काय लपवता, तो पोरगा उचलणार नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. त्या थांबल्या. खरोखर न समजल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“मला कसं ठावं असंल, पावणं? मी त्या पोराला आजच बघिटलं.”

“मग उचललं असतं तर?”

“तर धाडलं असतं की तिला.”

मी अनुजाकडं बघितलं. तिनं हेल्मेट काढून हातात घेतलं होतं, कपाळाचा भंडारा घामानं थोडा ओघळला होता. ती शांतपणे म्हणाली, मी गेलो असतो. जणू मी त्यांना एसटीची वेळ विचारली होती.

तिथल्या तिथं माझ्या लक्षात यायला लागलं, की आत इतका वेळ मी काय बघत होतो. मी धमकी बघत होतो. अभिराम, विजयसिंह, पिराजी, सगळे आम्ही धमकीच बघत होतो, देवाची. आणि ही बाई धमकी द्यायला आलीच नव्हती. ती फक्त एक माणूस शोधायला आली होती, ज्याच्या शब्दावर पोरीला गाडीवर बसवता येईल. तो माणूस सापडला असता, आणि खोटा निघाला असता, तरी तिनं बसवलं असतं. मी हायवेच्या कडेला, भर दुपारी, घामानं थंड पडलो.

“एवढा मोठा मानूस देव हातात घिऊन सांगतोय,” चिमणाबाई म्हणाल्या, “त्येच्यावर इश्वास ठिवाय नगो? मग ठिवायचा कुणावर?”

रिक्षा आली. मी रिक्षावाल्याला स्टँड सांगितलं, गाडी सावकाश चालव म्हणून बजावलं, दोनदा बजावलं. अनुजा आधी बसली. चिमणाबाई चढायला लागल्या तेव्हा त्यांचा एक हात मोकळा नव्हता हे मला दिसलं. त्या मुठीत अनुजाच्या ओढणीचं टोक होतं. काचेचं दार ढकलून बाहेर आल्यापासून त्यांनी ते धरलेलं असणार, कारण कापड पार चोळामोळा होऊन ओलं झालं होतं. मी धरून चढवतो म्हटलं तरी त्यांनी मूठ सोडली नाही. तशाच, एका हातानं, चढून आत बसल्या.